नाटकाच्या फोटोंसाठी खिशातला कॅमेरा: सोनी आरएक्स१०० मार्क ५ए, बेळगावच्या नाट्यगृहांत वापरून

ज्यांना थेट उत्तर पाहिजे त्यांना आधीच सांगतो. नाटक, भजनी स्पर्धा, पारिजात (गोकाककडचं श्रीकृष्णाचं लोकनाट्य), शाळेचं गॅदरिंग, असलं काही अंधारात बसून टिपायचं असेल आणि मोठा कॅमेरा गळ्यात अडकवून जायचं नसेल तर सोनीचा आरएक्स१०० मार्क ५ए घ्या, नवा नाही मिळाला तर वापरलेला घ्या, आणि झूम कमी आहे म्हणून मागं हटू नका. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या हौशी मंडळ्यांतले बरेच जण मला हे विचारतात, आणि दुकानात गेलं की सगळे मेगापिक्सल आणि चाळीस पट झूम एवढंच सांगत बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की रंगमंचासाठी कॅमेरा निवडताना आधी नाट्यगृहाचे नियम बघायचे आणि मग कॅमेऱ्याचा कागद वाचायचा. तिसऱ्या घंटेच्या आधी अनाउन्समेंट होते, आमच्याकडं कधी मराठीत, कधी कन्नडमधे, कधी दोन्हीत, पण मागणं तेच असतं: उजेड पाडू नका, आवाज करू नका, मधे उभं राहू नका, रेकॉर्डिंग करू नका. आयोजकांनी तुम्हाला फोटोची परवानगी दिली असली तरी यातलं काही माफ होत नाही, कारण शेजारी तिकीट काढून माणूस बसलेला असतो आणि समोर नट काम करत असतो. जो कॅमेरा या अटींत बसत नाही तो कितीही भारी असू दे, नाटकाला बाद.

फ्लॅशचं आधी सांगतो कारण अजूनही लोक मारतात. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या एवढ्याशा फ्लॅशनं पाचव्या रांगेतनं रंगमंच उजळत नाही, पुढच्या दोन रांगांतली डोकी तेवढी पांढरी पडतात. जो काही उजेड पुढं पोचतो तो प्रकाशयोजना करणाऱ्यानं जीव ओतून लावलेला सगळा मूड धुऊन काढतो. पण खरा धोका वेगळाच आहे. ब्लॅकआऊटमधे नट निव्वळ अंदाजानं विंगेत जात असतो, पायाखाली लेव्हल (नेपथ्यातला चौथरा) असते, पायरी असते, आणि त्याच वेळी डोळ्यावर फ्लॅश पडला तर क्षणभर त्याला काहीच दिसत नाही. पाय मोडू शकतो माणसाचा. या सोनीत फ्लॅश आत दडलेला असतो, बटण सरकवून वर काढल्याशिवाय पेटतच नाही, ही मला फार मोठी सोय वाटते. दुसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, फोकसला मदत करायला कॅमेऱ्याच्या तोंडावर एक बारका दिवा पेटतो, अंधारात तो हमखास पेटतो आणि थेट नटाच्या तोंडावर जातो. मेनूत जाऊन तो ऑफ करा, घरीच करा, थिएटरमधे बसून मेनू शोधायचा नाही. त्याच बैठकीत बीप पण ऑफ करून टाका.

आता स्क्रीन. माझ्या मते हा मुद्दा लेन्सपेक्षाही मोठा आहे आणि दुकानात कोणी बोलत नाही. अंधाऱ्या हॉलमधे तुमच्या हातातला तीन इंचाचा स्क्रीन मागच्या चार रांगांना दिसत राहतो, ब्राइटनेस कमी केला तरी दिसतोच. म्हणून व्ह्यूफाइंडर पाहिजे, डोळा लावून बघायचा, आणि स्क्रीन पूर्ण बंद. मार्क ५ए मधे तो कोपऱ्यातनं वर येतो, वर आला की डोळ्याकडचा भाग हातानं बाहेर ओढावा लागतो, पहिल्यांदा जरा कटकट वाटते पण सवय होते. कॅननचा जी७एक्स मार्क ३ हा खरं तर याला तोडीस तोड आहे, २४ ते १०० मिमी लेन्स (आकडा मोठा तेवढं दृश्य जवळ येतं), एफ १.८ ते २.८ (हा आकडा लहान तेवढा उजेड जास्त आत येतो), सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी आतली पट्टी, पण तेवढाच एक इंची, म्हणजे कागदावर सोनीपेक्षा सरस. पण त्याला व्ह्यूफाइंडरच नाही. लग्नाला, ट्रीपला, व्हिडिओला उत्तम, नाटकाला मी तो सुचवत नाही. मोबाईलचं पण हेच दुखणं आहे, स्क्रीन पेटवल्याशिवाय फोटो निघत नाही, आणि नाईट मोडमधे तो एकावर एक बरेच फोटो रचून एक करतो, त्यात नटाचा हात हलला की हात धुरकट. शेवटी सगळे कलाकार हात जोडून उभे राहतात तेव्हा मोबाईलनं बिनधास्त काढा, उजेड पूर्ण असतो.

झूमचं गणित सांगतो म्हणजे भीती जाईल. मार्क ५ए चा झूम २४ ते ७० मिमी एवढाच. पण ७० मिमीला रंगमंचापासून ८ मीटरवर बसलात तर चौकटीत साधारण ४ मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर उंच एवढा भाग येतो, म्हणजे दोन माणसं उभ्यानं आरामात बसतात. तिसऱ्या चौथ्या रांगेतनं एवढं पुरतं. चेहरा जवळ पाहिजे असेल तर फोटो नंतर कापा, २० मेगापिक्सलचा फोटो दोन्ही बाजूंनी निम्मा कापला तर ५ मेगापिक्सल उरतात, ते १४० मिमीच्या लेन्सनं काढल्यासारखं दिसतं आणि ६ बाय ९ इंचाची प्रिंट व्यवस्थित निघते. मंडळाच्या स्मरणिकेला, पेपरला, व्हॉट्सॲपला अजून काय पाहिजे?

याच कंपनीचा मार्क ७ आहे, त्याला २०० मिमीपर्यंत झूम आहे, हलत्या माणसावर फोकस धरून ठेवायला तो जास्त हुशार पण आहे, बरेच जण तोच घ्या म्हणतात. पण त्याचं भिंग लांब झूमला एफ ४.५ वर जातं आणि मार्क ५ए चं २.८ वर थांबतं. याचा अर्थ मार्क ७ मधे त्या टोकाला अडीच पट कमी उजेड आत येतो. जिथं माझं काम आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करायचं माप, वाढवलं की फोटो दाणेदार होतो) १६०० वर भागतं तिथं त्याला चार हजाराच्या वर जावं लागतं, आणि एक इंची सेन्सरवर चार हजाराला चेहऱ्याची कातडी खरखरीत दिसायला लागते, मेकअप केलेल्या चेहऱ्यावर तर जास्तच. तुम्ही बाल्कनीतच बसणार असाल तर मार्क ७ घ्या, त्याला इलाज नाही. पण परवानगी मागून पुढच्या रांगेच्या कडेला जागा मिळत असेल तर जादाचे पैसे झूमवर घालवू नका. आणि ते चाळीस पट झूमवाले कॅमेरे, कॅननचा एसएक्स७४० वगैरे, त्यांचा सेन्सर या एक इंचीच्या साधारण चौथा हिस्सा आणि लांब टोकाला भिंग एफ ६.९, त्यांच्याकडं पक्षी बघायला जा, सकाळच्या उन्हात. नाट्यगृहात ते काही करू शकत नाहीत.

पॅनासॉनिकचा एलएक्स१०० मार्क २ मात्र विचारात घ्या. सेन्सर सोनीपेक्षा मोठा, भिंग २४ ते ७५ मिमी, एफ १.७ ते २.८, व्ह्यूफाइंडर कायमचा बसवलेला, आणि अॅपर्चर (भिंगाचं तोंड किती उघडायचं ते) फिरवायला भिंगावरच कडी आहे, अंधारात हाताला कळते. फ्लॅश अंगात नाहीच, वेगळा लावायचा, म्हणजे चुकून पेटायचा प्रश्न मिटला. वजन जवळपास ४०० ग्रॅम आणि जाडजूड, पँटच्या खिशात मावत नाही, सोनी ३०० ग्रॅमच्या आत आहे. मी सोनी घेतला तो या खिशासाठीच, कारण कॅमेरा जेवढा लहान तेवढं समोरचा कलाकार आणि शेजारचा प्रेक्षक दोघंही निवांत राहतात.

एलईडीबद्दल लिहायलाच पाहिजे. पूर्वी सगळीकडं हॅलोजनचे पार लाइट असायचे, पिवळा गरम उजेड, एकसारखा. आता कुमार गंधर्व रंगमंदिर असो, लोकमान्य रंगमंदिर असो की गावच्या मैदानावरचा मांडव असो, भाड्यानं येणारं लाइटिंग बऱ्याचदा एलईडी असतं. एलईडी मंद करताना तो प्रत्यक्षात फार वेगानं चालू बंद होत असतो, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. आपण बिनआवाजी म्हणून जो इलेक्ट्रॉनिक शटर लावतो तो सेन्सर एका वेळी सगळा वाचत नाही, ओळीओळीनं वरून खाली वाचतो, त्यामुळं फोटोवर आडवे काळे पट्टे येतात आणि अख्खा प्रयोग वाया जातो. उपाय सोपा आहे. या सोनीच्या भिंगातच पात्यांचा मेकॅनिकल शटर आहे, तो पूर्ण चौकटीला एकदम उघडतो, आणि त्याचा आवाज एवढा बारीक की बीप बंद असला की शेजारच्यालाही ऐकू येत नाही. म्हणून शटर टाइप मेकॅनिकलवर ठेवा. पट्टे नाही आले तरी वेगवान शटरला एक फोटो उजळ एक काळपट असं होऊ शकतं, तेव्हा शटरचा वेग १/१०० सेकंदावर आणा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, १/१०० ला एक लुकलुक पुरी बसते.

सेटिंगचं माझं असं आहे की नाटक संवादांचं असेल तर १/१००, १/१२५, भिंग पूर्ण उघडं, आयएसओ १६०० ते ३२००, आणि उजेड आपल्या हातानं एक पायरी खाली, कारण मागं काळा पडदा असतो, कॅमेऱ्याला वाटतं सगळं अंधारलंय, तो उजेड वाढवतो आणि नटाचा चेहरा पांढरा फटक होतो. नाच, दशावतारातलं युद्ध, मर्दानी खेळ, तिथं १/२५० तरी पाहिजेच, मग आयएसओ चढला तर चढू दे, दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. कॅमेऱ्यातलं स्टेबिलायझेशन फक्त तुमचा हात सावरतं, समोर फिरणारी नर्तकी थांबवत नाही. रंग ऑटोवर सोडू नका, हॅलोजन असेल तर ३२०० केल्विन बांधून टाका. आणि रॉ मधे (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा, निळ्या किंवा लाल एलईडीखाली चेहरा एका रंगाचा गोळा होतो, रॉ असेल तर थोडंफार परत आणता येतं, जेपेगमधे काहीच नाही. प्रत्येक फोटो काढल्यावर तो आपोआप दाखवायची सोय पण बंद करा, तेवढ्या वेळात समोरचा क्षण जातो.

कधी दाबायचं हे मात्र कॅमेरा सांगत नाही. संगीत नाटकांना साथ करणारे एक जुने हार्मोनियमवादक आहेत, त्यांनी मला सांगितलं, "बाळा, पद चालू असताना कॅमेरा खाली ठेव की. समेवर आला की बघ, टाळी पडायला लागली की काढ, तेव्हा गाणारा पण मोकळा असतो आणि तुझा आवाज पण झाकतो." तेव्हापास्नं मी तसंच करतो आणि फोटो खरंच चांगले येतात, गाताना तोंड वेडंवाकडं असतं, समेनंतरचा चेहरा बघण्यासारखा असतो.

सगळ्यात चांगली जागा मात्र प्रयोग नाहीच, रंगीत तालीम. मंडळाला आधी विचारा, दिग्दर्शकाला विचारा, वेशभूषा, नेपथ्य, लाइट सगळं असतं आणि प्रेक्षक नसतात, तुम्ही पाहिजे तिथं उभं राहू शकता, एखादा प्रवेश पुन्हा पण करून दाखवतात. नाटकाच्या जाहिरातीला लागणारे फोटो तिथंच काढून घ्या आणि प्रयोगाच्या दिवशी शांत बसा. मेकअपरूममधे विचारल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही, बायका असोत की पुरुष.

कायद्याचं पण थोडं माहिती पाहिजे, कारण "आमच्याच गावचं नाटक, आम्ही टाकलं यूट्यूबवर" असं म्हणणारे बरेच आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ आणि ३८ए मधे कलाकाराचे स्वतःचे हक्क आहेत, ५० वर्षांचे. कलाकार म्हणजे नट, गायक, वादक, नर्तक, जादूगार, कसरतपटू, अगदी व्याख्यान देणारा माणूस सुद्धा, म्हणजे आपल्या व्याख्यानमाला पण यात आल्या. कलाकाराच्या संमतीशिवाय त्याच्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करणं, त्याच्या प्रती काढणं, लोकांपर्यंत पोचवणं हे चालत नाही. चित्रीकरण म्हणजे कायद्याच्या भाषेत हलती चित्रं, साधा फोटो त्यात येत नाही. स्वतःपुरतं खासगी वापराला रेकॉर्डिंग केलं तर कलम ३९ मधे सूट आहे, पण ती घरात बघण्यापुरती, अपलोड करायला नाही, आणि नाटक लिहिणाऱ्याचा हक्क पुन्हा वेगळा असतोच. फोटोला हे कलम लागत नाही म्हणून मोकळीक आहे असं मात्र समजू नका, थिएटर आणि आयोजक आपली अट घालू शकतात आणि तिकीट काढून आत गेलात की ती पाळायची.

दुसरी बाजू तुमच्या फायद्याची. फोटो ज्यानं काढला त्याचा त्यावर कॉपीराइट, पण मंडळानं पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल तर मालकी मंडळाची. म्हणून आधीच एका मेसेजमधे ठरवून घ्या, फोटो कोण कुठं वापरणार, नाव घालणार का. यात संकोच करू नका, नंतर वाद होण्यापेक्षा बरं. गॅदरिंगमधे दुसऱ्यांच्या पोरांचे फोटो असतात, ते पालकांना न विचारता पब्लिक टाकायचे नाहीत.

उघड्यावरचे खेळ वेगळेच. गोकाककडं श्रीकृष्ण पारिजात रात्रभर चालतं, लोक चहूबाजूंनी बसलेले, कोणी अनाउन्समेंट करत नाही, तिकीट नाही, म्हणून नियम पण नाही असं नसतं. मेळाच्या म्होरक्याला भेटा, "फोटो तेगीलेन्री?" एवढं कन्नड तरी आपल्याला येतंच की, विचारलं की बहुतेक वेळा हसून हो म्हणतात, पुढं बसायला पण देतात. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जोगतींचं नृत्य असतं, तो त्यांच्यासाठी भक्तीचा भाग आहे, तिथं न विचारता तोंडावर कॅमेरा धरणं मला बघवत नाही. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत सजीव देखावे असतात, तिथं फोटो सगळेच काढतात, पण तिथं सुद्धा फ्लॅश नको, ट्रॅक्टरवर मावळा होऊन तासनतास उभ्या राहिलेल्या पोराच्या डोळ्यांचा विचार करा.

अशा ठिकाणी या कॅमेऱ्याचं एक कमी आहे ते सांगायला पाहिजे. भिंग आत बाहेर होतं, आणि धूळ पाण्याला कसलंही संरक्षण नाही. भंडारा, गुलाल, मैदानावरची लाल माती, हे भिंगाच्या फटीतनं आत गेलं तर साफ करायला कॅमेरा खोलावा लागतो, भिंग काढून पुसायची सोय नाही. भंडारा उधळायच्या वेळी बंद करून झिपच्या पिशवीत टाका. खानापूरकडच्या पावसाळ्यात तर भिंगाला बुरशी धरते, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि अधनंमधनं बाहेर काढून वापरा. बॅटरी पण लहान, कंपनीच्या मापानं २२० फोटो, दोन अंकी नाटकाला एक पुरते, रात्रीच्या पारिजाताला तीन तरी न्या. स्क्रीनला टच नाही, मेनू लांबलचक, घरी बसून फंक्शन बटणावर आपल्या चार गोष्टी बसवून घेतल्या की पुन्हा आत जावं लागत नाही.

हे सगळं मी एवढ्या तळमळीनं सांगतोय कारण अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, कुमार गंधर्व सुळेभावीचे, इथल्या गल्लीगल्लीत आणि गावागावात नाटकं झाली आणि होतात, आणि एखाद्या मंडळाकडं जुने फोटो मागायला गेलं तर हार घालतानाचे, श्रीफळ वाढवतानाचे निघतात, रंगमंचावरचा एक सुद्धा धड नसतो. नट गेला की त्याचं काम कोणी बघितलं नव्हतं असं होतं. एक इंची सेन्सरचा कॅमेरा मंडळानं वर्गणी काढून घेतला तरी परवडतो, एक चांगला हात शिकवून ठेवला की पुढची पंधरा वर्षं काम होतं.

वापरलेला घेणार असाल तर बेळगावात, हुबळीत किंवा कोल्हापुरात, जिथं हातात घेऊन बघता येतो तिथंच घ्या. स्वतःचं कार्ड घेऊन जा. भिंग पूर्ण उघडून मोबाईलची टॉर्च तिरकी मारा, आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, किंमत कमी करतो म्हटला तरी सोडा. पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ ११ ला काढून मोठा करून बघा, सेन्सरवर धूळ असेल तर काळे ठिपके दिसतील. झूम आत बाहेर करताना कुरकुर आवाज नको. व्ह्यूफाइंडर वर काढून खाली दाबून बघा, ओढल्यावर चित्र स्पष्ट येतंय का, त्याच्यावरचा बारका खटका सरकवून तुमच्या चष्म्याच्या नंबराला जुळतंय का. आणि मॉडेलचं नाव खालच्या बाजूला नीट वाचा, मार्क ३, ४, ५, ५ए सगळे दिसायला एकसारखेच असतात. मार्क ३ ला भिंग हेच आहे आणि स्वस्त पण मिळतो, पण फोकसचं तंत्र जुनं, कमी उजेडात चाचपडतं, बजेट अगदीच कमी असेल आणि बसून गाणाऱ्यांचेच फोटो काढायचे असतील तर तो पण चालेल.